'भर' की 'पट'? रेषीय आणि घातांकी वाढ वर्गात शिकवताना

घातांकी वाढ म्हटलं की बहुतेक वर्गांत आधी बुद्धिबळाचा पट निघतो. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. मुलं तोंडात बोटं घालतात, तास रंगतो. पुढच्या आठवड्यात फळ्यावर ५०, ५५, ६०.५, ६६.५५ असे आकडे लिहून 'ही वाढ कोणती?' असं विचारा. बरीच मुलं बेधडक 'रेषीय' म्हणतील. कारण विचारलं, तर 'हळू वाढतंय की!' हे उत्तर येईल. गोष्टीतून त्यांनी 'घातांकी म्हणजे प्रचंड' एवढंच उचललेलं असतं. रेषीय म्हणजे दर वेळी तेवढीच भर, घातांकी म्हणजे दर वेळी तेवढीच पट. इथे दर वेळी १.१ पट होतंय, हे त्यांना दिसतच नाही.

म्हणून या पाठाचा क्रम उलटा ठेवायचा. आधी अशी घातांकी वाढ घ्यायची, जी सुरुवातीची काही वर्षं रेषीय वाढीच्या मागे पडते. दाण्यांची गोष्ट सांगायचीच असेल, तर ती अगदी शेवटी.

पाठ नववी ते अकरावीसाठी आहे आणि ४० मिनिटांच्या तीन तासिकांत बसतो. सातवीतलं सरळव्याज आणि आठवीतलं चक्रवाढव्याज झालेलं असावं. दहावीत अंकगणिती श्रेढी झाली असेल, तर पहिली १५ मिनिटं वाचतात. साहित्य: प्रत्येकी दोन आलेख कागद, पाच जणांच्या गटाला एक कॅल्क्युलेटर, एक सोलापुरी चादर आणि चिंचोके. चिंचोक्यांची तयारी आदल्या दिवशी घरी करायला सांगावी लागते. ती कशी, ते पुढे येईल.

शब्द पक्के करा, मग आकडे

मराठीत हे दोन प्रकार वेगळे दाखवायला छान शब्द आहेत, पण आपण ते सैल वापरतो. 'पगार पाचशेने वाढला' यात भर पडली. 'पगार दीडपट झाला' यात पट झाली. घोळ होतो तो 'तीन पटीने वाढला' या वाक्यात. १००चे ३०० झाले की ४००? वर्गात विचारून बघा, दोन तट पडतील. वाद मिटवत बसू नका. वर्गापुरता नियम करून टाका: भर असेल तर 'इतक्याने वाढलं' म्हणायचं, पट असेल तर 'आधीच्या इतके पट झालं' म्हणायचं. 'पटीने वाढलं' हा शब्दप्रयोग तीन तासिकांपुरता बंद.

सोलापूरच्या वर्गात याला आणखी एक बाजू असते. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. तेव्हा हीच दोन वाक्यं मुलांना घरच्या भाषेत म्हणायला लावा. ज्याला दोन वेगळी वाक्यं करता आली, त्याला फरक कळला. दोन्हीकडे एकच वाक्य आलं, तर घोडं कुठे अडलंय ते तिथेच दिसतं.

मग तोंडी सराव. प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी विचारायच्या: भर की पट, किती, आणि कशामागे.

भिशीत दर महिन्याला हजार रुपये जमा होतात. भर, हजाराची, महिन्यामागे.

यंत्रमागावर तासाला समजा ४ टॉवेल निघतात आणि पाळी सुरू झाली तेव्हा १० तयार होते. भर, चारची, तासामागे. ते १० म्हणजे सुरुवात. वाढीशी त्यांचा संबंध नाही, हे इथेच सांगून टाका. नाहीतर पुढे आलेखात 'रेषा शून्यातून का जात नाही?' हा प्रश्न येतोच.

अनुकूल हवेत तळ्यातली जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. पट, दोनची, पंधरवड्यामागे. जागा संपेपर्यंतच, हेही सांगा.

सावकाराकडून 'दोन टक्क्याने' पैसे घेतले. इथे थोडं थांबा. आपल्याकडे बोलीत 'दोन टक्क्याने' म्हणजे महिन्याला दोन टक्के. व्याज दर महिन्याला वेगळं चुकतं केलं, तर मुद्दल तेवढंच राहतं आणि व्याजाची भर पडत जाते, वर्षाला २४ टक्के. व्याज मुद्दलात मिसळत गेलं, तर दर महिन्याला १.०२ पट. बारा महिन्यांत १.२६८ पट, म्हणजे जवळपास २६.८ टक्के. टक्केवारी दिसली की घातांकी, असा समज मुलांचा असतो. तो इथेच मोडायचा. टक्के कशाचे, मूळ रकमेचे की चालू रकमेचे, यावर सगळं अवलंबून. मूळ रकमेचे असतील तर ती भरच. (दामदुपटीचा जुना नियम इथे सांगता येतो: थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. पट कुठवर जाते, याची जाण आपल्याकडे जुनी आहे.)

आता चादर. दोन मुलांना उभं करून चादरीची घडी घालायला लावा. दर घडीला फळ्यावर दोन रकाने भरायचे, एकूण पदर आणि वर दिसणारा भाग. पदर १, २, ४, ८, १६. भाग १, अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा. एकाच वस्तूत दोन पटी, एक २ची आणि एक १/२ची. १पेक्षा लहान संख्येने गुणणं हीही 'पट'च असते, हे सूत्राआधी हातांना कळतं. चार घड्यांवर थांबा. पाचव्या घडीला चादर फुगते, कडा जुळत नाहीत आणि वर्गाचं लक्ष गणितावरून घडीवर जातं.

दुकानाचं भाडं: पाठाचा कणा

दुसरी तासिका पूर्ण यालाच द्या. नव्या पेठेत एक गाळा भाड्याने घ्यायचा आहे असं समजा. आज भाडं महिना १०,००० रुपये. मालक दोन पर्याय देतो. पहिला: दर वर्षी १,००० रुपये वाढ. दुसरा: दर वर्षी चालू भाड्यावर ८ टक्के वाढ. भाडेकरूने कोणता घ्यावा?

गणित करण्याआधी हात वर करायला लावा आणि मतं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग गटांनी तक्ता भरायचा. कॅल्क्युलेटरवर दर वेळी आधीच्या उत्तराला १.०८ने गुणायचं. ८ टक्के काढून मिळवत बसू नये. त्यात वेळ जातो आणि 'पट' डोळ्यांआड होते.

| वर्षं | हजाराची भर | १.०८ पट | फरक |
|---|---|---|---|
| ० | १०,००० | १०,००० | ० |
| १ | ११,००० | १०,८०० | २०० |
| २ | १२,००० | ११,६६४ | ३३६ |
| ३ | १३,००० | १२,५९७ | ४०३ |
| ४ | १४,००० | १३,६०५ | ३९५ |
| ५ | १५,००० | १४,६९३ | ३०७ |
| ६ | १६,००० | १५,८६९ | १३१ |
| ७ | १७,००० | १७,१३८ | −१३८ |
| ८ | १८,००० | १८,५०९ | −५०९ |
| ९ | १९,००० | १९,९९० | −९९० |
| १० | २०,००० | २१,५८९ | −१,५८९ |

हे आकडे मुद्दाम निवडले आहेत, तेव्हा बदलू नका. १० टक्के घेतले तर दुसरा पर्याय दुसऱ्याच वर्षी पुढे जातो आणि बघायला काही उरत नाही. ५ टक्के घेतले तर ओलांडणी व्हायला २७ वर्षं लागतात आणि तक्ता संपत नाही.

एक सूचना: पूर्णांक फक्त वहीत लिहायचा, कॅल्क्युलेटरवर दशांश तसेच ठेवायचे. दर पायरीला पूर्णांक करून पुढे गुणलं, तर गटागटांत रुपया-दोन रुपयांचा फरक पडतो आणि 'सर, आमचं चुकलं का?' यात पाच मिनिटं जातात.

आता शेवटच्या रकान्यावर वर्गाचं लक्ष खिळवा. फरक आधी वाढतो, तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त होतो, मग आटतो आणि सातव्या वर्षी उलटतो. तिसऱ्याच वर्षी का? मुलांना दुसऱ्या पर्यायात त्या-त्या वर्षी झालेली वाढ बाजूला लिहायला लावा: ८००, ८६४, ९३३, १,००८, १,०८८, १,१७५. चौथ्या वर्षी ही वाढ पहिल्यांदा हजाराच्या वर जाते. भाडं १२,५०० ओलांडलं की त्याचे ८ टक्के हजारापेक्षा जास्त होणारच. म्हणजे वेगाची ओलांडणी चौथ्या वर्षी झाली आणि रकमेची सातव्या वर्षी. मागून येणारा धावपटू आधी वेगात पुढे जातो, मग अंतर तोडतो. या दोन घटना वेगळ्या आहेत. हे एकदा नीट दिसलं, तर पुढे अकरावी-बारावीत विकलज (बदलाचा दर) शिकताना त्याची आठवण येते.

तिसरी ओलांडणी हुशार मुलांसाठी. भाडेकरूला काळजी एकूण किती दिले याची असते, शेवटच्या वर्षाच्या आकड्याची नव्हे. फरकाच्या रकान्याची बेरीज दशांश तसेच ठेवून करत जा: २००, ५३६, ९३९, १,३३४, १,६४१, १,७७२, १,६३४, १,१२४, १३४, आणि दहाव्या वर्षी −१,४५५. (महिन्याच्या भाड्याचे आकडे आहेत, वर्षाच्या रकमेसाठी १२ने गुणायचं.) म्हणजे नऊ वाढी होईपर्यंत एकूण हिशेबात टक्केवारीचा पर्यायच भाडेकरूला स्वस्त. सातव्या वर्षी भाडं जास्त झालं तरी! कोपऱ्यात लिहून ठेवलेली मतं आता काढा. 'किती वर्षं दुकान चालवणार त्यावर ठरेल' हे उत्तर ज्याने दिलं असेल, त्याचं बरोबर.

नववं वर्ष बोट ठेवून दाखवा. १९,९९० म्हणजे जवळजवळ दुप्पट. ७२ला टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात, ७२ ÷ ८ = ९. पुढच्या नऊ वर्षांत पुन्हा दुप्पट, ४०,००० होणार. हजाराच्या भरीला मात्र पहिल्यांदा दुप्पट व्हायला १० वर्षं लागली, पुढची दुप्पट व्हायला २० लागतील.

आलेख: मोजमाप चुकलं की पाठ बुडाला

मुलं सवयीने उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ५,००० घेतात. तसं केलं तर तिसऱ्या वर्षीचा ४०३ रुपयांचा फरक एक मिलिमीटरही भरत नाही. दोन्ही बिंदू एकावर एक बसतात आणि 'दोन्ही आलेख सारखेच' असा निष्कर्ष निघतो.

म्हणून दोन आलेख काढायचे. पहिला ० ते १० वर्षांचा: आडवा १ सेंटिमीटर = १ वर्ष, उभा १ सेंटिमीटर = १,००० रुपये, उभा अक्ष १०,०००पासून, खाली तुटक खूण. यात तो फरक ४ मिलिमीटर दिसतो. दुसरा ० ते २० वर्षांचा: आडवा १ सेंटिमीटर = २ वर्षं, उभा १ सेंटिमीटर = २,५०० रुपये, उभा अक्ष शून्यापासून. यासाठी १५व्या आणि २०व्या वर्षाचे आकडे द्या: भर २५,००० आणि ३०,०००, पट ३१,७२२ आणि ४६,६१०. आता वक्र वर उचललेला स्वच्छ दिसतो.

पट्टी लपवून ठेवा. पहिल्या आलेखात वक्राचे बिंदू जवळजवळ सरळ दिसतात आणि मुलं पट्टीने जोडतात. दोन बिंदूंमधला भाग हाताने, हलकेच वाकवून काढायला सांगा. आलेख बघून 'थोडा भाग घेतला तर घातांकी वक्र रेषेसारखाच दिसतो' हे मुलांकडूनच आलं तर उत्तम. नाही आलं तर तुम्ही सांगा.

चिंचोके

घटणारी पट शिकवायला यासारखं स्वस्त साधन नाही. प्रत्येकाने ८ चिंचोके आणायचे, खडबडीत दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासून. पाच जणांच्या गटाकडे ४०, बारा गट असतील तर वर्गाकडे ४८०. ओंजळीत घेऊन जमिनीवर टाका, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढा, उरलेले मोजा, पुन्हा टाका. सहा फेऱ्या. गटांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करा. शेजारी दुसरा रकाना: दर फेरीला ठराविक ६० काढले असते तर किती उरले असते. तो आठव्या फेरीला शून्यावर येतो.

घासलेला चिंचोका काही नाण्यासारखा नसतो. पांढरी बाजू निम्म्या वेळा येईलच असं नाही, आणि हाच या खेळाचा फायदा. समजा बेरजा ४८०, २६२, १४९, ८०, ४५ अशा आल्या. प्रत्येकाला आधीच्याने भागा: ०.५५, ०.५७, ०.५४, ०.५६. पट आधी कुणी सांगितली नव्हती, ती आकड्यांतून निघाली. साधारण ०.५५. नाणी घेतली तर मुलं ०.५ आधीच लिहून मोकळी होतात.

इथे हमखास बिघडतं ते असं: एखादा गट आपल्या एकट्याच्या आकड्यांवरून पट काढतो. १९, १२, ५, ४, १ यांतून ०.६३, ०.४२, ०.८, ०.२५ निघतात आणि 'पट समान नाही' म्हणून तो गट हात झटकतो. संख्या लहान झाली की नशिबाचा वाटा मोठा होतो. उरलेले ४०-५०च्या खाली गेले की भागाकार थांबवा, आणि पट नेहमी वर्गाच्या बेरजेवरूनच काढा.

सूत्र आता

भाडं = १०,००० + १,००० × वर्षं. भाडं = १०,००० × १.०८ × १.०८ × …, वर्षं जितकी तितक्या वेळा. एकात वर्षं गुणाकारात, दुसऱ्यात घातांकात. वेळ कुठे बसली आहे ते बघा, एवढं सांगून पुढे जा. आठवीचं चक्रवाढव्याजाचं सूत्र हेच आहे, हे मुलं स्वतःच ओळखतात.

फसवे तक्ते

तिसऱ्या तासिकेच्या शेवटी पुढचे तक्ते द्या. पहिली दोन उदाहरणं न देता पुस्तकातलीच दिली, तर मुलं फक्त शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करायला शिकतात.

वेळ ०, १, ३, ६ आणि किंमत २, ५, ११, २०. फरक ३, ६, ९ दिसतात, मुलं म्हणतात रेषीय नाही. पण वेळेची पावलंही १, २, ३ आहेत. एकामागे ३ची भर. वाढ रेषीयच.

वेळ ०, २, ४ आणि किंमत ५, ४५, ४०५. दोन वर्षांत ९ पट. एका वर्षात किती? ४.५ म्हणणारी मुलं पटीलाही भरीसारखं वाटून टाकतात. उत्तर ३, कारण ३ × ३ = ९. इथे ९च्या जागी ४ कधीही देऊ नका. ४चा निम्मा २ आणि ४चं वर्गमूळही २, चूक करणाऱ्याचं उत्तरही बरोबर येतं आणि तुम्हाला काही कळत नाही.

१, ४, ९, १६, २५. फरक समान नाहीत, पटही नाही. 'रेषीय नाही म्हणजे घातांकी' असं लिहिणाऱ्यांसाठी हा तक्ता. याच्याखाली २, ४, ८, १६, ३२ लिहा आणि तुलना करायला लावा. दोन ठिकाणी बरोबरी होते, मध्ये ९ने ८वर मात केलेली असते.

यंत्रमागाची किंमत १,००,०००. दर वर्षी १०,००० घसारा, किंवा चालू किमतीच्या १० टक्के घसारा. दहाव्या वर्षी पहिला शून्यावर, दुसरा ३४,८६८वर. दुसऱ्याला 'कधी शून्य होईल?' विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

शेवटचा तक्ता खरा. जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३८.५० लाख आणि २०११ साली ४३.१८ लाख. २०२१साठी अंदाज करा. भर धरली तर ४७.८६ लाख, पट धरली तर ४८.४३ लाख. दोन्ही पद्धती दिलेल्या दोन आकड्यांशी तंतोतंत जुळतात. दोन बिंदूंतून रेषाही जाते आणि घातांकी वक्रही, त्यामुळे दोनच आकडे देऊन 'वाढ कोणती?' असा प्रश्न कधी विचारू नये. त्यानंतर तिसरा आकडा द्या: १९९१ साली सुमारे ३२.३१ लाख. आधीची भर ६.१९ लाख, नंतरची ४.६८ लाख. आधीची पट १.१९, नंतरची १.१२. आता वर्ग गप्प होतो. रेषीयही नाही, घातांकीही नाही. मुलांना वहीत तिसरा पर्याय लिहू द्या: 'दोन्ही नाही', आणि त्याखाली कारण. या प्रश्नाला पाच गुण ठेवले तर त्यांतले चार कारणाला द्या.